घरी दूधदुभतं असताना लेकरू कुपोषित कसं काय?

सिंदफणाकाठ :
नमस्कार मंडळी. दोन दिवसांपासून डोक्याला ताप झालाय म्हणून लिहायलोय. मी माजलगाव साईडचा. आठ एकर रान आहे, चार भिजतंय बाकी कोरडवाहू, दोन म्हशी, दोन्ही टाईमचं मिळून दहा-अकरा लिटर दूध डेअरीला जातंय. हे सांगायचं कारण एवढंच की घरात खायची कमी नाही. मुलगी आता बरोबर दीड वर्षाची झाली. परवा अंगणवाडीच्या ताईनं तिचं वजन-उंची घेतली, वजन भरलं ७ किलो ८०० आणि उंची ७४ सेंटीमीटर. दंडाला ती रंगीत पट्टी लावली तर हिरवा आला, म्हणजे चांगलं म्हणाल्या. आणि तेच आकडे मोबाईलमध्ये भरल्यावर म्हणतात कमी वजनाची आहे आणि खुजी पण आहे. आता हिरवा खरा का मोबाईल खरा?

माझ्या आईला इतका राग आला की तिनं त्या बाईला चहासुद्धा विचारला नाही. म्हणली आमच्या घरात कुपोषण? ते तिकडं मेळघाटात असतंय, ज्यांच्या चुलीवर काही शिजत नाही त्यांच्यात. खरं सांगायचं तर मलाबी तसंच वाटलं. कुपोषित लेकरू म्हणलं की टीव्हीत दाखवतात तसं, बरगड्या मोजून घ्याव्या असं. आमची गालानं गुबगुबीत आहे, दिवसभर घरात नुसती पळती, कोंबड्यांच्या मागं लागती.

बायको म्हणते ती काही खातच नाही, दोन घास झाले की तोंड फिरवती. आई म्हणते हिला खाऊ घालता येत नाही, आम्ही नाही का वाढवले. मी मधल्यामधी. हे होतं तरी कशानं ते कुणाला माहीत असेल तर सांगा. एखाद्या चांगल्या टॉनिकचं नाव सांगितलं तरी चालेल.

बालाघाटी :
दादा लई मनावर घेऊ नका. ते तक्ते गोऱ्या लोकांच्या लेकरांवरून केलेले असतेत. आपण काय नॉर्वेचे हाव का? तुमची उंची किती, वहिनीची किती ते आधी बघा. आमच्या घरात सगळेच बुटके, आज्जा ९१ वर्षं जगला आणि शेवटपर्यंत रानात जायचा. अंगणवाडीवाल्यांना बी काहीतरी भरावं लागतंय, मोबाईल मागं लागलेला असतोय त्यांच्या. पोरगी पळती ना, मग झालं.

बारक्यांचा_डॉक्टर :
लातूरला लहान मुलांचा दवाखाना आहे, सतरा-अठरा वर्षं झाली. बालाघाटी, नॉर्वे म्हणालात ते बरोबरच आहे, फक्त अर्धं. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं जे तक्ते आणले ते सहा देशांतल्या लेकरांवरून केले होते, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. आपली लेकरं दक्षिण दिल्लीतली होती, खात्यापित्या घरची, आईचं दूध प्यालेली. आणि गंमत अशी की पाच वर्षांपर्यंत ह्या सगळ्या देशांतल्या लेकरांची उंची जवळजवळ सारखीच भरली. म्हणजे नीट खायला मिळालं आणि सारखं आजारपण नसलं तर सुरुवातीच्या वर्षांत आपलं लेकरू नॉर्वेच्या लेकराएवढंच वाढतं. तुमच्यासारखं म्हणणं अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी २०१३ मध्ये मांडलं होतं, त्यावर भरपूर वाद झाला. मला त्यातलं एवढंच पटतं की एकेका लेकराकडं बघताना आईबापाची उंची विचारात घ्यावी. पण तक्त्यात एक खालची रेषा असते, तिच्या खाली उंची आली की लेकराला खुजं म्हणायचं, आणि निरोगी समाजातसुद्धा शंभरात दोन-अडीच लेकरं त्या रेषेच्या खाली असतातच, ती मुळात बुटकी. आपल्या राज्यात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पाच वर्षांखालची शंभरात ३५ खाली निघाली. सगळ्यांचे आज्जे बुटके होते असं म्हणायचं का?

आता मूळ प्रश्न. हिरवा पण खरा आणि मोबाईल पण खरा. पट्टी मोजते दंडावरचं मांस, म्हणजे लेकरू सुकलंय का. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबाराच्या खाली पिवळा. उंचीचं तिला काही कळत नाही. तुमच्या मुलीचं वजन तिच्या उंचीच्या मानानं ठीक आहे, म्हणून ती गुबगुबीत दिसते. पण ती उंचीच वयाच्या मानानं कमी आहे. दीड वर्षाच्या मुलीची मधली उंची ८०.७ सेंटीमीटर, खालची रेषा ७४.९. वजन मधलं १०.२ किलो, खालची रेषा ८.१. म्हणजे दोन्हीकडं रेषेच्या थोडीच खाली आहे, रात्री झोप उडावी असं काही नाही, पण तशीच सोडून द्यावी असंही नाही. एक बघा, दोन वर्षांच्या आतलं लेकरू झोपवून मोजायचं असतं. उभं करून मोजलं असेल तर त्यात ०.७ सेंटीमीटर मिळवा. तरी ७४.७ च होतात, पण मोजायची रीत बरोबर पाहिजे.

सुकलेलं लेकरू कुणालाही दिसतं. खुजं लेकरू दिसत नाही कारण ते हळूहळू मागं पडतं आणि गल्लीतली निम्मी लेकरं तेवढीच असतात, त्यामुळं नजरेला तेच नॉर्मल वाटायला लागतं. हे होतं पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत. त्यानंतर उंची भरून काढणं लई अवघड जातं.

टॉनिक लिहून देणार नाही. त्यापेक्षा सांगा : जन्माचं वजन किती होतं, वरचं खाणं कितव्या महिन्यात सुरू केलं, दिवसात किती वेळा खाते, जुलाब-ताप किती वेळा झाले, आणि तिच्या आईचं हिमोग्लोबिन किती होतं. खोकला लांबत असेल, वजन दोन-दोन महिने हलत नसेल तर मात्र घेऊन या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडं, कधीकधी टीबी किंवा दुसरं काही निघतं.

सेविकाताई :
मी ती चहा न मिळालेलीच बाई समजा, फक्त परभणी जिल्ह्यातली. आम्हाला सवय झालीय हो. कुपोषित शब्द उच्चारला की आयांना वाटतं आपल्याला भिकारी म्हणाली. मी आता तो शब्दच काढत नाही, म्हणते लेकरू जरा मागं पडलंय, चार दिवस लक्ष देऊ.

एकोणीस वर्षं झाली मला. ज्यांच्या घरी ज्वारी संपलेली असते त्यांची लेकरं कमी भरतात हे कळायला काटा लागत नाही. मला पहिल्यांदा कोड्यात टाकलं ते एका बागायतदाराच्या घरानं, मोसंबीची बाग, दारात ट्रॅक्टर, आणि नातू साडेसहा किलोचा. मग मी तीन दिवस वेगवेगळ्या टायमाला त्यांच्या घरी नुसतं जाऊन बसले. सकाळी बघितलं तर चहात बुडवून बिस्कीट. दहा वाजता बारकं रडलं की आज्जीनं पदराचे पाच रुपये काढून दिले, दुकानातनं पिवळा पुडा आला. दुपारी वरणभात, पण वरण म्हणजे काय तर वरचं पाणी. दाळ खाली बसते ना, ती गड्यांच्या ताटात जाते, कारण लेकराला पचत नाही अशी समजूत. त्या पाण्यात हळद आणि मीठ असतं दुसरं काय असतंय. चार वाजता पुन्हा चहा. पोट भरलेलं, लेकरू गप्प, घरातल्यांना वाटतं खातंय की सारखं.

आणि सुरुवात उशिरा. सहा महिने झाले की वरचं चारायला लागायचं, पण आमच्याकडं उष्टावणाला मामा पाहिजे, मामा पुण्याला कंपनीत, त्याला सुट्टी दिवाळीत. तोवर आठ महिने, नऊ महिने. काही घरी म्हणतात दात आल्यावर बघू. ह्या तीन महिन्यांत लेकरू जे घसरतं ते पुढं सावरत नाही लवकर. देशाच्या सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या लेकरांपैकी शंभरात जेमतेम अकरा जणांना पुरेसं खाणं मिळतं असं आलंय, मला ते वाचून नवल वाटलं नाही.

आमच्या बाजूचं पण सांगते, नाहीतर म्हणाल सगळं आयांवरच टाकते. घरी न्यायचं पाकीट आम्ही देतो, त्यातलं किती लेकराच्या पोटात जातं आणि किती शेळीच्या ते मला पक्कं माहीत आहे. कधी चवच नसते त्याला. कधी चार जणांचं घर एका लेकराच्या पाकिटावर तुटून पडतं. माझा वजनकाटा एकदा सहा महिने बंद होता, वर सांगून सांगून दमले, शेवटी किराणा दुकानाच्या काट्यावर पिशवीत घालून मोजली लेकरं. अर्धा दिवस मोबाईलमध्ये भरण्यात जातो. घरी जाऊन बसायचं काम, जे खरं काम आहे, ते उरलेल्या वेळात. मदतनीसबाई आजारी पडली की खिचडी पण मीच शिजवायची.

पण कमी होत नाही असं नाही हं. लेकरांच्या पोषणासाठीचं राज्य सरकारचं राजमाता जिजाऊ मिशन २००५ मध्ये आपल्या औरंगाबादलाच सुरू झालं होतं, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा नीट शिकवलं की आधी दोन वर्षांखालची लेकरं बघा, मोठी बसली आहेत ती बसू द्या. त्या वर्षांत फरक पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

बारक्यांचा_डॉक्टर :
ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला आकड्यांचा पण आधार आहे. राज्यात पाच वर्षांखालच्या खुज्या लेकरांचं प्रमाण २००५-०६ ला ४६ टक्के होतं, २०१५-१६ ला ३४ वर आलं. आणि मग २०१९-२१ ला ३५. दहा वर्षं उतरलं आणि मग गाडी तिथंच रुतली.

वरणाच्या पाण्याबद्दल : लेकराचं पोट किती असतं बघा, किलोमागं साधारण ३० मिली. आठ किलोच्या लेकराचं पाव लिटरसुद्धा नाही. दीड वर्षाच्या लेकराला आईच्या दुधाशिवाय वरून साधारण ५५० कॅलरी लागतात. एवढ्याशा पोटात चहा आणि वरणाचं पाणी भरलं तर त्या बसवायच्या कुठं? म्हणून दाट पाहिजे, तेलतूप घातलेलं पाहिजे, आणि थोडं थोडं चार-पाच वेळा. चहाचं आणखी एक दुखणं, तो अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात राज्यात शंभरातल्या जवळपास ६९ लेकरांना रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की भूक लागत नाही, भूक नाही म्हणून लेकरू तोंड फिरवतं, आणि सगळे म्हणतात आईला खाऊ घालता येत नाही.

कोपीतला :
मी बोलू का नको असं चाललं होतं. आमचं गाव धारूर तालुक्यात, आईबाप ऊसतोडीला जायचे, मी सुद्धा सात पट्टे म्हणजे सात हंगाम केलेत. आता शिक्षक आहे. दहा-अकरा लिटर दूध डेअरीला घालणाऱ्या घराला आम्ही गावात श्रीमंत म्हणायचो. तुमची पोरगी आणि माझी बारकी बहीण एकाच रेषेच्या खाली आल्या हे वाचून मला कसंतरीच झालं.

आमच्यात कारण शोधायला लागत नव्हतं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, त्याच्याकडनं आगाऊ घेतलेली उचल आधीच संपलेली असायची म्हणजे लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली. कधी सांगली-कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. पाचटाच्या कोपीत सहा महिने. आई पहाटं तीनला उठायची, भाकरी थापून फडात. बहीण तेव्हा सात महिन्यांची, तिला बांधाला लुगड्याच्या झोळीत टाकायची आणि माझी ड्यूटी म्हणजे तिच्यावर मुंग्या चढू न देणं. मी असेन आठ वर्षांचा. आई मोळ्या बांधता बांधता मधी येऊन अंगावर पाजायची, ते पण मुकादम नसला तर. दुपारी सकाळचीच भाकरी, पाण्यात कुस्करून मी चारायचो. पाणी कॅनॉलचं. महिन्यातून दोनदा तिला हगवण लागायची, आठ दिवसांत कमावलेलं दोन दिवसांत जायचं. अंगणवाडी गावात, आम्ही तिकडं, डोस चुकले, वजन कोण घेणार. मार्च-एप्रिलात परत यायचो तेव्हा आज्जी ओळखायची नाही तिला.

आता शाळेत पहिलीला पोरं येतात ना, रांगेत उभी केली की मला न विचारता कळतं कुणाच्या घरी कोयता आहे.

आणि एक गोष्ट ह्या धाग्यात कुणी अजून बोललं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. म्हणजे पोरगा एकटा असला तर अर्धा कोयता, उचल कमी. म्हणून पोराचं लग्न लवकर, आणि इकडं पोरीला मागं एकटं कुणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून पोरीचं पण लवकर. बीड, परभणीत अठराच्या आत लग्न झालेल्या बायकांचं प्रमाण सरकारी सर्वेक्षणातच ४० टक्क्यांच्या वर आलंय. सोळा-सतरा वर्षांची पोर, तिचंच अंग अजून भरायचं असतं, तिच्या पोटात बाळ. दोघींनी एकाच भाकरीवर वाढायचं. माझी बहीण सतराव्या वर्षी आई झाली, भाचा दोन किलोचा. तिला दोष द्यायला मला जीभ रेटत नाही.

सूनबाई_नांदेड :
सिंदफणाकाठ भाऊ, राग मानू नका पण तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात वहिनी एकाच वाक्यात आल्यात. त्या किती वाजता उठतात, रानातनं किती वाजता येतात, जेवतात कधी? मला विचारायचं म्हणजे मीच सांगते, मी सगळ्यांच्या मागून जेवते, कालवण राहिलं तर राहिलं नाहीतर चटणी-भाकरी. गरोदर असताना सासूबाई म्हणायच्या जास्त खाऊ नको, बाळ मोठं झालं तर आडवं पडंल. सासूबाई वाईट नाहीत हो, त्यांच्या काळात गावात दवाखाना नव्हता, अडलेली बाई बैलगाडीतच जायची, त्या भीतीनं बोलायच्या. पण आता सिझर होतं तरी भीती तीच राहिली. मग बाळंतपणानंतर दाळ वातूळ, भाजी थंड, केळी नको. चाळीस दिवस भात आणि तूप. माझं वजन नवव्या महिन्यात ४६ किलो होतं. बाळ झालं २२०० ग्रॅमचं आणि सगळे म्हणाले नाजूक आहे, आईवर गेलं.

दुसरं असं की आपण रानात गेल्यावर लेकराला बघणारी आज्जी सत्तर वर्षांची, गुडघे दुखतात. ती काय मागं मागं पळून चारणार? पुडा दिला की गप्प बसतंय. मला तिचा राग येत नाही. पण घरातल्या पुरुषाला कधी असं वाटलंय का की आज लेकराला मी चारतो?

बारक्यांचा_डॉक्टर :
सूनबाईंनी सांगितलं त्याचा हिशोब डायेन कॉफी या संशोधिकेनं २०१५ मध्ये मांडला. तेव्हाच्या आकड्यांत आपल्या देशात दिवस जाण्याच्या आधीच ४२ टक्के बायका कमी वजनाच्या होत्या, आणि आफ्रिकेत सहाराच्या खालच्या देशांत हेच प्रमाण साडेसोळा होतं. म्हणजे त्यांच्यातले कितीतरी देश आपल्यापेक्षा गरीब, पण पोटुशी बाई आपली जास्त उपाशी. शिकलेली घरं पण ह्यात आली, मी रोज बघतो, कारमधून उतरतात आणि सून सात हिमोग्लोबिनची.

रानवाट :
मी शेतीच्या अंगानं दोन शब्द टाकतो. आमच्या औशाकडं पूर्वी ज्वारीत तूर, कडंला अंबाडी, मूग-उडीद खरिपात, हुलगा मटकी बरड रानात, करडई तेलाला. विकायचं कमी, कोठीत जास्त. आता नजर पोचंल तिथवर सोयाबीन. सोयाबीन लेकराच्या ताटात येत नाही, ते आडतीवर जातंय आणि त्याच्या पैशातनं परत दाळ आणायची, ती पण भाव बघून. रेशनला गहू-तांदूळ मिळतोय, माणशी पाच किलो, दाळीचं नाव नाही. आमच्या आज्जीचं हुलग्याचं माडगं आता पोरांना सांगावं लागतंय की असं असं काही असायचं.

पण लगेच जुना काळ सोन्याचा म्हणू नका कुणी. ७२ च्या दुष्काळात माझ्या बापानं सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेत, तो सांगायचा घशातनं उतरायची नाही.

पाण्याचं पण बघा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते सगळ्या देशानं बघितलं. खेड्यात टँकरचं पाणी आठ-आठ दिवस टाकीत साठवलेलं असतंय, त्यात लेकराचे हात कुठनं धुणार.

बारक्यांचा_डॉक्टर :
पाण्याच्या बाबतीत एक चकवा आहे. जुलाब झालेलं लेकरू वाळतं हे आम्ही रोज बघतो, त्यामुळं सगळ्यांना वाटायचं की संडास बांधले, हात धुवायला शिकवलं की उंची वाढेल. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेत मोठे प्रयोग झाले, २०१८ च्या सुमारास निकाल आले, आणि नुसत्या तेवढ्यानं उंचीत फरक पडला नाही. जिथं लेकरांच्या खाण्यात भर घातली तिथं थोडा पडला. म्हणून संडास नको असं नाही, माझं म्हणणं असं की अंगणात कोंबड्या-शेळ्यांची घाण तशीच आणि पाणी तसंच असेल तर नुसता साबण देऊन आतडं सुधारत नाही. कोंबड्यांच्या मागं पळणारी लेकरं सगळं तोंडात घालतात. जुलाब लागले तर ओआरएस आणि झिंक चौदा दिवस, आणि खाणं बंद करायचं नाही. हे शेवटचं आज्ज्यांना पटवणं सगळ्यात अवघड.

सिंदफणाकाठ :
सगळ्यांचं वाचलं. सूनबाईंचं जरा झोंबलं. काल कापूस वेचायला बायका लावल्या होत्या, आई म्हणली तूबी चल, पण मी डेअरीवरनं येऊन घरीच थांबलो आणि पोरगी दिवसभरात काय खाती ते वहीत लिहून काढलं. जसं लिहिलं तसंच टाकतो.

सकाळी सातला अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. साडेनऊला बाटलीत दूध, ते पण निम्मं पाणी घालून, कारण म्हशीचं जड जातं म्हणून. म्हणजे दहा लिटरच्या घरात. साडेअकराला दुकानातला पुडा, चुलत्याच्या पोरानं आणला. एक वाजता वरणाचं पाणी-भात, चार घास, मग तोंड फिरवलं. मी म्हणलं फिरवणारच, दीड तासापूर्वी पुडा खाल्लाय. दोन ते चार झोप. उठल्यावर चहा. सहाला केळाचा तुकडा. बायको साडेसहाला रानातनं आली, धारा, झाडलोट, मग चूल. भाकरी तव्यावर पडली तेव्हा पावणेनऊ झाले होते. पोरगी आठलाच झोपली.

म्हणजे आमच्या घरात दाट असं एकच जेवण शिजतं आणि ते व्हायच्या आधी ती झोपलेली असते. दीड वर्ष मला हे माहीत नव्हतं. बायकोला माहीत होतं, ती म्हणली मी किती वेळा सांगितलं तुम्ही मोबाईलमध्ये होतात.

डॉक्टरांचे प्रश्न : जन्माचं वजन २ किलो ३००. उष्टावण नवव्या महिन्यात, ताई म्हणल्या तसंच, मामाचीच वाट बघत होतो. जुलाब चार वेळा तरी, एकदा सलाईन लावलं. बायकोचं हिमोग्लोबिन साडेआठ होतं, गोळ्या दिल्या होत्या पण त्यानं मळमळतं म्हणून सोडल्या. बायको आता एकवीस वर्षांची आहे.

एक अडचण अशी की आई माळकरी आहे, अंडं घरात चालत नाही.

बालाघाटी :
च्यायला, माझ्या पोराची वही लिहिली तर अशीच निघंल. आज्ज्याचं तेवढं मागं घेतो.

सेविकाताई :
भाऊ, वही लिहिली हे लई चांगलं केलं, मला तीन दिवस जाऊन बसावं लागलं होतं. अंडं नसलं तर नसू द्या, भांडण लावू नका. मुगाची दाळ आणि तांदूळ दाट शिजवा, वरून चमचाभर तूप. शेंगदाणे भाजून बारीक कूट, गुळात कालवून, घट्ट नाही, घशात अडकेल असं नाही. भाकरी दुधात कुस्करून, दुधात पाणी घालायचं बंद. ताक-दही. शेवग्याचा पाला असेल तर दाळीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सकाळी जी भाकरी-वरण रानात बांधून नेता ना, त्यातलंच तिचं आधी काढून ठेवायचं, वेगळ्या वाटीत. वेगळी वाटी असली की कळतं किती खाल्लं. एका ताटात बसवलं की मोठ्यांच्या हिशोबात लेकराचं कुठं जातं कळत नाही. आणि आईला बोलू नका, आईला काम द्या. म्हणा साडेअकराची वाटी तुझ्या हातची. आमच्या गावात ज्या आज्ज्यांनी मला हाकलून दिलं होतं त्याच आता इतर सुनांना दटावतात.

सूनबाई_नांदेड :
आणि वहिनींची वाटी? त्यांचं हिमोग्लोबिन परत तपासा. दुसऱ्याची घाई करू नका एवढं तर तुमच्या हातात आहे.

बारक्यांचा_डॉक्टर :
सूनबाईंना अनुमोदन. मुलीचं पण हिमोग्लोबिन बघून घ्या, लोहाचं औषध लागलं तर जवळचे डॉक्टर वजन बघून देतील, दुकानातनं परस्पर आणू नका. जंताचं औषध झालं नसेल तर विचारा. वजन महिन्याभरात हलायला पाहिजे, उंचीला वेळ लागतो, तीन-चार महिन्यांनी बघा. आणि दूध पाणी न घालता द्या पण बाटलीनं नको, वाटी-चमच्यानं, दिवसात अर्धा लिटरच्या पुढं नको. जास्त दूध प्यालेलं लेकरू पण जेवत नाही.

सिंदफणाकाठ :
आठ दिवसांनी लिहायलोय. संध्याकाळचं असं ठरलंय की धारा मी काढतो आणि बायको आल्या आल्या आधी दाळ-तांदूळ चढवती, साडेसातला पोरीची वाटी होती. पहिले दोन दिवस तिनं थुंकून टाकलं, तिसऱ्या दिवशी खाल्लं. पुडा बंद करणं काही जमंना, दुकान दारातच आहे आणि चुलत्याचं पोरगं ऐकत नाही. आई वाटीचं काम करती, पण ताईचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं. दूध अर्धा लिटर घरी राहायलंय, त्यावरनं हिशोबाची कुरकुर चालूच आहे, म्हशीचा हप्ता आहे ना.

ताईला रस्त्यात भेटून विचारलं उंची कशी मोजली होती, म्हणली उभी करून, झोपवायची फळी दुसऱ्या अंगणवाडीत गेलीय. ७ तारखेला मागवते म्हणली.